बापूकुटीच्या भिंतीवरची मातीची झाडं कोणी काढली? अ‍ॅडमिरलची मुलगी मीराबेन आणि तिनं बांधलेलं घर

सध्या क्ले आर्टचं वेड जोरात आहे. ऑनलाइन शोधलं की लवचीक ठशांचे ढीगभर प्रकार समोर येतात, कुठे रबराचे, कुठे सिलिकॉनचे. मातीची पोळी लाटायची, वर ठसा अंथरायचा, हलक्या हातानं लाटणं फिरवायचं आणि ठसा एका कडेनं सोलून काढायचा. खाली पानाच्या शिरा, गोणपाटाची वीण, माशाचे खवले, जे हवं ते उमटलेलं. लाकडाचा कडक ठसा ओल्या मातीला धरून बसतो आणि उचलताना नक्षीचे तुकडे सोबत घेऊन येतो. लवचीक ठसा कडेकडेनं सुटत जातो, म्हणून त्याचं एवढं कौतुक.

वर्धा जिल्ह्यात मातीवरच्या नक्षीचं एक काम असं आहे, जे आजवर देशोदेशीच्या माणसांनी पाहिलंय. त्यात ठसा नाही, रंग नाही, भट्टी नाही. सेवाग्रामच्या बापूकुटीत मातीच्या भिंतीवर मातीचीच झाडं उभी आहेत, शिंदीसारखी उंच, वर झावळ्यांचा झुबका असलेली. सोबत ॐ आहे. भिंतीतून जेमतेम बोटभर वर आलेलं हे उठावाचं काम. लोक गांधीजींची बैठक, त्यांचा चरखा, कंदील वगैरे पाहतात, फोटो काढतात आणि पुढे सरकतात. भिंतीकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही.

ती झाडं काढली मीराबेन यांनी. आणि ज्या घराला आज सगळं जग बापूकुटी म्हणतं, ते घर मुळात मीराबेन यांचं होतं.

घोडे, बाग आणि बीथोव्हन

मीराबेन यांचं मूळ नाव मॅडेलिन स्लेड. जन्म २२ नोव्हेंबर १८९२, इंग्लंडमध्ये. वडील एडमंड स्लेड ब्रिटिश नौदलात बड्या हुद्द्यावर, पुढे अ‍ॅडमिरल झालेले. नौदलातल्या माणसाचं घर म्हणजे आज इथे तर उद्या तिथे. त्यामुळे मॅडेलिनचं बालपण आजोळी गेलं, सरे परगण्यातल्या मोठ्या वाड्यात. मोकळी जमीन, बागा, घोडे, गाईगुरं. माणसांच्या गर्दीपेक्षा ही पोर झाडांत आणि जनावरांत जास्त रमायची.

पंधराव्या वर्षाच्या आसपास तिनं बीथोव्हनचं संगीत ऐकलं आणि त्याचं वेडच घेतलं. त्याच सुमारास वडिलांची नेमणूक ईस्ट इंडीज स्टेशनचे सेनापती म्हणून झाली आणि कुटुंब मुंबईत आलं. म्हणजे मॅडेलिन भारतात पहिल्यांदा आली ती गांधींमुळे आलीच नव्हती. तेव्हाची तिची मुंबई म्हणजे साहेबलोकांच्या मेजवान्या आणि नाच. त्यात तिचं मन रमलं नाही आणि मेजवानीच्या पलीकडचा देश तिला दिसलाही नाही.

पहिल्या महायुद्धानंतर ती बीथोव्हनच्या पाऊलखुणा शोधत व्हिएन्नाला गेली. या संगीतकारावर रोमाँ रोलाँ या फ्रेंच लेखकानं लिहिलंय हे कळल्यावर, त्यांना भेटता यावं म्हणून फ्रेंच शिकली. भेट झाली ती स्वित्झर्लंडमध्ये, रोलाँ यांच्या घरी. बोलता बोलता रोलाँ म्हणाले की आपण नुकतंच गांधी नावाच्या एका भारतीयावर पुस्तक लिहिलंय. मॅडेलिननं हे नाव ऐकलं नव्हतं. पुस्तक १९२४ मध्ये आलं, तिनं ते वाचून काढलं आणि मिटलं तेव्हा तिचा निर्णय झालेला होता.

आता इथे एक गोष्ट मला फार आवडते. तिनं लगेच बोटीचं तिकीट काढलं, आणि मग स्वतःच रद्द केलं. कारण तिच्या लक्षात आलं की आपल्याला तिथलं काहीच येत नाही. मग तिनं स्वतःला एक वर्ष दिलं. सूत कातायला शिकली, जमिनीवर मांडी घालून बसायची सवय केली, मांसाहार आणि दारू सोडली. गांधीजींना पत्र लिहिलं, त्यांचं उत्तर आलं. आज नोकरी सोडून डोंगरात जाणाऱ्यांच्या रील्स आपण बघतो, त्यांच्या मानानं ही तयारी भलतीच शिस्तीची होती. बापाची शिस्त रक्तात असावी.

६ नोव्हेंबर १९२५ ला मॅडेलिन मुंबईत उतरली आणि दुसऱ्या दिवशी साबरमतीला पोचली. गांधीजींनी तिचं नाव ठेवलं मीरा.

जवळ राहायचं होतं, आणि तेच अवघड होतं

आश्रमात मीराबेन यांनी केस कापले, खादीची साडी घेतली, ब्रह्मचर्याचं व्रत घेतलं. कापूस पिंजण्यात आणि कातण्यात त्या एवढ्या तयार झाल्या की पुढे बिहारच्या खेड्यांत जाऊन लोकांना शिकवू लागल्या.

पण एक पेच कायम राहिला. त्यांचं सगळं आयुष्य एका माणसाभोवती फिरत होतं, आणि त्या माणसाला ते मान्य नव्हतं. गांधीजी त्यांना वारंवार दूर पाठवायचे. कधी हिंदी शिकायला, कधी खादीच्या कामाला. लांब गेल्या की त्या आजारी पडायच्या, व्याकूळ होऊन पत्रं लिहायच्या. उत्तरं प्रेमळ असायची आणि तेवढीच कडक. माझ्यावर अवलंबून राहू नकोस, काम धर, असा त्या पत्रांचा सूर. दोघांमधली ही ओढाताण दोन दशकं चालली. सेवाग्रामच्या घराची गोष्ट कळायला ही ओढाताण आधी माहीत हवी.

१९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी त्या गांधीजींसोबत लंडनला गेल्या. परतीच्या वाटेवर सगळे रोमाँ रोलाँ यांच्याकडे उतरले आणि रोलाँ यांनी गांधीजींना पियानोवर बीथोव्हन ऐकवला. मीराबेनसाठी तो केवढा क्षण असेल याचा विचार करा. आयुष्याची दोन टोकं एका खोलीत होती. भारतात परतल्यावर काही दिवसांतच धरपकड सुरू झाली आणि नंतरच्या काळात त्यांच्याही वाट्याला तुरुंग आला.

वर्धा, सिंदी आणि मग सेगाव

मिठाच्या सत्याग्रहाला निघताना गांधीजींनी स्वराज्य मिळेपर्यंत साबरमतीला परतायचं नाही असं ठरवलं होतं. जमनालाल बजाज यांनी त्यांना वर्ध्यात आणलं. डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला, जे. सी. कुमारप्पा त्याचे सचिव झाले आणि मगनवाडीत घाणीचं तेल, हातकागद, मध, नीरेचा गूळ असे प्रयोग सुरू झाले.

मीराबेन यांनी मगनवाडीजवळचं सिंदी गाव धरलं. पहाटे उठून गावातली घाण साफ करायची, असं ते काम. अ‍ॅडमिरलची मुलगी हातात टोपली घेऊन गावच्या गोदरीकडे निघालीय, हे गावाला पचायला जडच गेलं असणार. तिथून पुढे त्या सेगावला गेल्या. वर्ध्यापासून आठेक किलोमीटर, सहाएकशे वस्तीचं गाव, बहुसंख्य लोक तेव्हाच्या भाषेत हरिजन, मालगुजारी बजाजांकडे. धड रस्ता नाही, पावसाळ्यात चिखलच चिखल.

आणि मग गांधीजींनीच ठरवलं की आपणही सेगावात राहायचं. ३० एप्रिल १९३६ ला ते वर्ध्याहून पायी तिथे आले. त्यांना एकटं, खेडूतासारखं राहायचं होतं. घर गावच्या सामानाचं, गावच्या हातांनी आणि कमी खर्चात व्हावं ही अट. ते उभं करायची जबाबदारी मुख्यतः मीराबेन यांच्यावर आली. उन्हाळाभर काम करून पावसाच्या तोंडावर जे घर तयार झालं, ते आज आदिनिवास म्हणून ओळखलं जातं. एक मोठी खोली आणि भोवती ओसरी.

गांधीजींना एकटं राहायचं होतं खरं, पण त्यांना एकटं सोडतं कोण? बघता बघता त्या एका खोलीत बरीच माणसं झाली. मीराबेन आधी जवळच्याच दुसऱ्या गावात झोपडी करून राहिल्या. तिथे त्या आजारी पडल्या, त्यांना परत सेगावात आणावं लागलं. मग आदिनिवासाच्या शेजारी त्यांनी स्वतःसाठी एक छोटं घर बांधलं. गावातल्या लोकांना पिंजण-कताई शिकवायची आणि तिथेच राहायचं, असा बेत. भिंतीवरची झाडं या घराची.

मातीच्या भिंतीवर झाड कसं उगवतं

इथे थोडं थांबू, कारण ही नक्षी अशीच का आहे हे मातीत दडलंय.

वर्ध्याची जमीन काळी. कपाशीला सोन्यासारखी, घराला मात्र वैरीण. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. मे महिन्यात वावराला हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. असल्या मातीचा गिलावा भिंतीवर टिकत नाही. म्हणून आपल्याकडे काळी आणि पांढरी असा भेद आहे. काळी म्हणजे वावर, पांढरी म्हणजे गाव. घराला पांढरी माती लागते, ती आकसते कमी. त्यात कुटार आणि शेण घालायचं, पाणी सोडून काही दिवस मुरवायचं, पायानं तुडवायचं. कुटाराचे धागे माती धरून ठेवतात, तडा गेलाच तर बारीक जातो.

आता या भिंतीवर आजचा सिलिकॉनचा ठसा दाबला तर काय होईल? ओल्या लिंपणात नक्षी सुंदर उमटेल. पण कुटाराच्या काड्या बारीक रेघा तोडतील, आणि समजा उमटलीच, तरी पुढच्या सारवणात बुजून जाईल. मातीच्या घराला वर्षातून अनेकदा सारवावं लागतं. शेणामातीचा तो पातळ थर प्रत्येक खोलगट रेघेत जाऊन बसतो. चार-सहा सारवणांत पानाच्या शिरा गायब.

उठावाचं तसं नाही. भिंतीवर माती चढवून केलेला आकार सारवण झेलतो. कडा थोड्या बोथट होतात, पण झाड झाडच राहतं. उलट दर वेळी सारवणारा हात त्या झाडावरून फिरतो आणि त्याला पुन्हा घडवतो. म्हणून मातीच्या भिंतीवर ठळक, थोडक्यात सांगितलेले आकार शोभतात. एक खोड, सहा-आठ झावळ्या, बस.

असा उठाव करायची रीतही सोपी नाही. कोरड्या भिंतीवर ओली माती थापली तर वाळताना ती आकसते आणि भिंत मात्र जागची हलत नाही, मग पापुद्र्यासारखी निघून येते. त्यासाठी भिंत आधी खरवडायची, पाणी मारून ओलसर करायची, माती बोटांनी दाबून थोडी थोडी चढवायची. एकदम जाड थर दिला की तडकलाच. घाईनं, उन्हात वाळवली तरी तेच. सिलिकॉनचे ठसे वापरणाऱ्यांनाही यातला एक धडा उपयोगी आहे. माती बोटाला चिकटते तोवर ठसा लावू नये, आणि बोट दाबल्यावर खूण उमटत नसेल तर उशीर झालाय असं समजावं. मधली वेळ थोडीच असते, ती बोटालाच कळते.

खेड्यातल्या बायका हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या करत आल्यात. पोळ्याला मातीचे बैल, भाद्रपदात भुलाबाई, भिंतींना सारवण. मीराबेन यांनी जे सामान वापरलं ते याच बायकांच्या रोजच्या हातातलं होतं, आणि झाडंही आसपासच्या शिवारातलीच निवडली. मला विचाराल तर या कामाचं मोठेपण इथेच आहे. ज्या मुलीनं युरोपातली कलादालनं पाहिली होती, तिला भिंतीवर काय काढावं हा प्रश्न पडल्यावर दाराबाहेर जे उभं होतं ते पुरेसं वाटलं.

घर मीराचं, नाव बापूंचं

आदिनिवासातली गर्दी वाढतच गेली. शेवटी गांधीजी मीराबेन यांच्या छोट्या घरात राहायला आले. त्यांच्यासाठी घर थोडं वाढवलं, न्हाणीघर झालं, पाहुण्यांची आणि आजारी माणसांची सोय झाली. मीराबेन पुन्हा दुसरीकडे. पिंजण-कताईच्या शाळेसाठी बांधलेल्या त्या खोलीत आता काँग्रेसचे पुढारी, व्हाइसरॉयची पत्रं, परदेशी वार्ताहर येऊ लागले. मार्च १९४० मध्ये सेगावचं नाव सेवाग्राम झालं, कारण टपाल बुलडाण्याकडच्या शेगावला जायचं. पत्त्यात गावाचं नाव बदललं आणि घराला बापूकुटी हे नाव चिकटलं ते कायमचं.

मीराबेन यांना याचं वाईट वाटलं का? त्यांच्या आयुष्याकडे पाहिलं तर उलटच वाटतं. ज्याच्या जवळ राहता येत नव्हतं, तो माणूस आपण हातानं लिंपलेल्या भिंतीला टेकून बसतोय, यापेक्षा जवळीक ती काय? पण याच वर्षांत त्या पुन्हा पुन्हा सेवाग्राम सोडून गेल्या, एकांतात राहिल्या, मौन पाळलं. घर दिल्यानं पेच सुटला नव्हता.

१९४२ मात्र धावपळीचं गेलं. जपानी सैन्य बंगालच्या उपसागरापर्यंत पोचलेलं असताना गांधीजींनी त्यांना ओडिशाच्या किनाऱ्याकडे पाठवलं. काँग्रेससाठीचा ठरावाचा मसुदा घेऊन त्या अलाहाबादला गेल्या. जुलैत गांधीजींचं म्हणणं सांगायला व्हाइसरॉयच्या सचिवांना भेटल्या. ऑगस्टमध्ये चले जाव सुरू होताच गांधीजींबरोबर त्यांनाही अटक झाली आणि पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवलं गेलं. तिथेच १५ ऑगस्ट १९४२ ला महादेवभाई देसाई गेले, २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबा गेल्या. मे १९४४ मध्ये उरलेले सुटले.

पुन्हा घरं, पुन्हा निघणं

सुटकेनंतर मीराबेन उत्तरेला गेल्या. रुडकीजवळ किसान आश्रम, मग ऋषिकेशजवळ पशुलोक, पुढे टिहरी गढवालमध्ये भिलंगनेच्या खोऱ्यात गोपाल आश्रम. प्रत्येक ठिकाणी जागा उभी करायची, गाईगुरं आणायची आणि काही वर्षांनी पुढे जायचं. गांधीजी २५ ऑगस्ट १९४६ ला सेवाग्रामहून निघाले ते परतलेच नाहीत. ३० जानेवारी १९४८ ला त्यांची हत्या झाली तेव्हा मीराबेन ऋषिकेशकडे होत्या. अंत्ययात्रेसाठी दिल्लीला गेल्या नाहीत.

हिमालयात त्यांनी जे पाहिलं ते आज जास्त महत्त्वाचं वाटतं. उतारांवरची बांजची, म्हणजे ओकची झाडं कमी होतायत आणि त्यांच्या जागी चीड वाढतोय, हे त्यांनी हेरलं. बांजाच्या पानांचा थर पाणी धरतो, गुरांना चारा देतो. चिडाच्या सुया जमिनीवर पडल्या की खाली फारसं काही उगवत नाही आणि पाऊस सरळ वाहून जातो. पूर का वाढतायत याचं उत्तर त्यांनी पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीलाच लिहून सरकारपुढे ठेवलं होतं. चिपको आंदोलन त्यानंतर वीसेक वर्षांनी झालं.

जानेवारी १९५९ मध्ये त्यांनी भारत सोडला. १९६० मध्ये आत्मचरित्र आलं. पुढे त्या व्हिएन्नाजवळच्या खेड्यात राहिल्या, जंगलाच्या कडेला, पुन्हा बीथोव्हनच्या सोबतीला. गांधींकडे जायच्या आधीचं आयुष्य त्यांनी जिथे सोडलं होतं, तिथूनच परत उचललं. भारत सरकारनं त्यांना पद्मविभूषण दिलं. २० जुलै १९८२ ला ऑस्ट्रियात त्यांचं निधन झालं, वय ८९. त्यानंतर चार महिन्यांनी रिचर्ड अ‍ॅटनबरो यांचा गांधी चित्रपट झळकला. त्यात जेराल्डिन जेम्स यांनी मीराबेन साकारल्या आणि जगभरच्या प्रेक्षकांना अ‍ॅडमिरलची ही मुलगी माहीत झाली.

त्याच्या चार वर्षं आधी, जानेवारी १९७८ मध्ये इव्हान इलिच हा मोठा विचारवंत सेवाग्रामला आला होता. तो बापूकुटीत बराच वेळ बसला आणि मग त्या घरावरच बोलला. घर म्हणजे सामान भरून ठेवायची वखार झालीय आणि ही कुटी मात्र माणूस राहण्याची जागा आहे, असा त्याचा मुद्दा होता. ते भाषण पुढे खूप वाचलं गेलं.

सेवाग्रामला गेलात तर आदिनिवास आणि बापूकुटी एकापाठोपाठ बघा, म्हणजे मीराबेन यांच्या हातची दोन घरं एका फेरीत होतील. दुपारच्या सपाट उजेडात उठाव नीट कळत नाही. सकाळी लवकर किंवा ऊन उतरताना जा, तिरपा प्रकाश पडला की झावळ्यांच्या खाली सावली धरते. आणि हात लावू नका, माती आहे ती.